साध्या लग्नाचा पुरावा



परदेशातला जावई ही आता फक्त मुंबई-पुण्याच्या बंगलेवाल्यांची गोष्ट राहिलेली नाही. आमच्या मानोरा तालुक्यातलीही पोरे वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकून, संगणकाची नाहीतर नर्सिंगची पदवी घेऊन कॅनडा, इंग्लंड, आखातात पोचली. लग्न मात्र गावातच होते. समाजमंदिरासमोर मांडव पडतो, नवरदेव तीन आठवड्यांच्या रजेवर येतो आणि रजा संपली की निघून जातो. नवरी मागे राहते. तिला तिकडे न्यायचे तर अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जाची फाईल घेऊन माणसे आमच्या दारी येतात. कारकुनी केलेल्या माणसाला साऱ्या जगाचे फॉर्म भरता येतात, अशी आपल्याकडे समजूत आहे. असो.

फाईल उघडली की पहिल्या पानाला एजंटाचे कार्ड टाचलेले असते. त्याखाली बँकेचे कागद, पासपोर्टच्या झेरॉक्स, जावयाच्या पगाराचे पत्रक. लग्नाचा दाखला शेवटी कुठेतरी असतो, किंवा नसतोच. आम्ही विचारले की आईचे उत्तर ठरलेले : "लगन लागलं, साऱ्या गावानं पाह्यलं, आता अजून कोणता पुरावा पायजे जी?"

बाई म्हणतात ते खरे आहे. पण ज्याने ते लग्न पाहिले नाही, जो मानोऱ्याला कधी आला नाही आणि येणारही नाही, असा एक अधिकारी ती फाईल उघडणार आहे. त्याला दोन गोष्टी ठरवायच्या असतात. हे लग्न कायद्याने झाले आहे का? आणि हे लग्न खरे आहे का, की नुसते देशात शिरण्यासाठी मांडलेले आहे? पहिल्याचे उत्तर दाखला देतो. दुसऱ्याचे उत्तर दाखला देत नाही, आणि आपल्या लोकांची फाईल अडते ती बहुधा या दुसऱ्या प्रश्नापाशी.

आज आम्ही कॅनडाचे उदाहरण धरून बोलतो, कारण अलीकडे विचारणा त्याचीच जास्त आहे.

सगळ्यात आधी जावई तिकडे कोण आहे ते विचारा. "कॅनडात असतो" एवढ्याने भागत नाही. बायकोला कायमची बोलावण्याचा अर्ज फक्त तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी करू शकतो. कायमचा रहिवासी असेल तर त्याचे वास्तव्यही कॅनडातच पाहिजे. नुसता विद्यार्थी म्हणून गेलेला, किंवा मुदतीच्या परवान्यावर काम करणारा मुलगा असा अर्ज करू शकत नाही. त्याच्या बायकोसाठी तात्पुरता परवाना हा वेगळा मार्ग आहे, आणि तोही २१ जानेवारी २०२५ पासून अरुंद झाला. विद्यार्थ्यांपैकी सोळा महिन्यांच्या किंवा त्याहून मोठ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, पीएच.डी.ला आणि काही ठरावीक व्यावसायिक अभ्यासक्रमांना असणाऱ्यांच्याच जोडीदाराला आता खुला कामाचा परवाना मिळतो. सोयरीक जुळवताना मुलाची शेती किती, घर पक्के की कच्चे हे आपण खोदून विचारतो. तसेच "तुमच्या मुलाकडे तिथले कायम रहिवासाचे कार्ड आहे का, असल्यास दाखवा" हेही विचारावे. कार्ड असलेल्या मुलाला त्यात राग येण्याचे कारण नाही.

अर्ज करणारा नवरा सरकारला हमी लिहून देतो. बायको कायमची रहिवासी झाल्याच्या दिवसापासून तीन वर्षे तिच्या अन्न-वस्त्र-निवाऱ्याची जबाबदारी त्याची. मधे भांडण झाले, काडीमोड झाली, तरी ही हमी सुटत नाही. आपल्या मुलींना हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आता दाखल्याकडे येऊ.

महाराष्ट्रात लग्नाच्या नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. खेड्यात ग्रामसेवकाकडे आणि शहरात नगरपालिका, नगरपंचायतीकडे लग्नापासून ९० दिवसांत नोंद करायची असते. उशीर झाला तर दंड भरून होते, पण होते. पुढे १४ फेब्रुवारी २००६ ला सर्वोच्च न्यायालयानेही सगळ्या राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितले. नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारा, इतक्यांच्या सह्या लागतात. हे काम नवरदेव रजेवर असतानाच उरकावे. तो विमानात बसला की त्या एका सहीसाठी वर्ष जाते. पूजेचे सामान आणायला दहा जण धावतात, ग्रामपंचायतीत जायला एक जण मिळत नाही, ही आपली रीत बदलली पाहिजे.

या अर्जात लग्न लावणाऱ्याचा रकाना असतो. त्याच्या डोक्यावर पुरोहित असे छापलेले पाहून एका बौद्धाचार्यांनी सही करायला साफ नकार दिला होता. आम्हाला त्यांचा बाणा आवडला. पण सही आम्ही घेतलीच. तो शब्द खोडून त्याजागी "बौद्धाचार्य" लिहिले आणि ते त्यांनाच वाचून दाखवले.

धर्माच्या रकान्यात मात्र डोळ्यात तेल घालून पाहावे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. कायदा लागू आहे म्हणून लिहिणारा सरळ "हिंदू" लिहून मोकळा होतो. कायदा लागू असणे वेगळे आणि धर्म वेगळा. दाखल्यावर "हिंदू", लग्नपत्रिकेवर तथागतांचे आणि बाबासाहेबांचे चित्र, फोटोत पांढऱ्या वस्त्रातली वधू, आणि मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर "महार". चार कागद चार गोष्टी सांगतात. आपल्याला त्यामागचा इतिहास पाठ आहे. १९५६ साली काय घडले, सवलतीसाठी मूळ जात का लिहावी लागते, केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० ची दुरुस्ती होईपर्यंत का मिळाल्या नाहीत, हे आपल्या घरातले शेंबडे पोरही सांगेल. ओटावात बसलेल्या माणसाला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याला शंका येण्याआधीच एका पानावर साध्या इंग्रजीत लिहून द्यावे : आमच्या कुटुंबाने बौद्ध धम्म स्वीकारला आहे, जातीच्या दाखल्यावर मूळ जात लिहिण्याचे कारण अमुक, विवाह बौद्ध पद्धतीने झाला. आणि दाखल्यावर धर्म "बौद्ध" असाच लिहून घ्यावा. हा हट्ट धरायला लाजू नये.

मानोऱ्याच्या लोकांची आणखी एक अडचण आहे, ती दुसऱ्यांना सांगून पटत नाही. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या जुन्या दाखल्यावर "जि. अकोला" असते आणि पासपोर्टवर "वाशीम". गाव तेच, विहीर तीच, जिल्हा दुसरा. तसेच आमच्या मानोऱ्याची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. त्यामुळे दोन भावंडांच्या दाखल्यांवर दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांचे शिक्के निघतात. हेही त्याच स्पष्टीकरणाच्या पानावर दोन ओळींत घालावे.

आता एका मोहाविषयी. हल्ली साखरपुडा झाला की मंडळी म्हणतात, "लग्न उन्हाळ्यात करू, पण नोंदणी आत्ताच करून टाका, व्हिसाचे काम तरी सुरू होईल." कागदावर एखादी तारीख टाकतात, साक्षीदार सह्या करतात, दाखला हातात पडतो. काम हुशारीचे वाटते. ते घातक आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी विरुद्ध मनीष कुमार चंचल या प्रकरणात हाच प्रश्न निकाली काढला. त्या दोघांनी विधी न करताच एका संस्थेकडून प्रमाणपत्र घेतले, त्यावर सरकारी नोंदणी केली आणि प्रत्यक्ष समारंभ पुढे ढकलला होता. न्यायालय म्हणाले की विधी झालाच नसेल तर नोंदणीने लग्न होत नाही. नोंदणी हा झालेल्या लग्नाचा पुरावा आहे, ती स्वतः लग्न नव्हे. परदेशी जाण्याच्या व्हिसासाठी वेळ वाचावा म्हणून आईबाप असे दाखले आधीच काढतात, याचाही न्यायमूर्तींनी नावानिशी उल्लेख करून नापसंती दाखवली. तेव्हा जो दाखला फाईलचा पाया समजून काढला, तोच फाईल बुडवतो. दाखल्यावर जानेवारीची तारीख आणि पत्रिकेवर मे महिन्याची, हे पाहून कोणत्याही देशाचा अधिकारी विचारणारच की यातले खरे लग्न कोणते.

असे एक प्रकरण आमच्या पाहण्यात आहे. मुलाचा कॅनडातल्या कायम रहिवासाचा अर्ज चालू होता, त्यात त्याने "अविवाहित" लिहिलेले. मधेच इकडे आगाऊ नोंदणी झाली. ती त्याने तिकडे कळवली नाही. खरे लग्न तर नंतरच होणार होते, असे त्याला वाटले. कार्ड हाती आले, उन्हाळ्यात लग्न लागले, आणि बायकोसाठी अर्ज केला तेव्हा दाखल्याची तारीख बोलू लागली. कॅनडाचा नियम असा की स्वतः कायमचा रहिवासी होताना ज्या बायकोची माहिती दिली नाही, जिची तपासणी झाली नाही, तिला पुढे कुटुंबाच्या वर्गात बोलावता येत नाही. खोटी माहिती दिली असे ठरले तर पाच वर्षांची बंदी वेगळीच. आता ते जोडपे म्हणते की जानेवारीत लग्न झालेच नव्हते, दाखला चुकीचा आहे. आणि ते सिद्ध करायचे म्हणजे तीन साक्षीदारांनी आणि दोन्ही बापांनी आपण कागदावर खोटे लिहिले हे कबूल करायचे. मानवतेच्या आधारावर विनंती करण्याचा एक लांबचा रस्ता उरतो. तो त्यांनी धरला आहे. निकाल अजून नाही. मुलगी माहेरी आहे.

मोबाईलवरून लागणाऱ्या लग्नाचीही तीच गत. ११ जून २०१५ पासून कॅनडा अशी लग्ने बायको-नवऱ्याला बोलावण्यासाठी धरत नाही. दोघेही लग्नाच्या जागी देहाने हजर पाहिजेत.

स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली, म्हणजे १९५४ च्या कायद्याने लग्न करायचे कोणी सुचवतात. कायदा उत्तम आहे. पण त्यात ३० दिवसांची आगाऊ नोटीस लागते आणि जावयाची रजा असते एकवीस दिवसांची. मुलगा येण्याआधीपासून आखणी केली तरच तो रस्ता धरावा.

दाखला झाला. आता दुसरा प्रश्न, लग्न खरे कशावरून? आमच्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवे.

कॅनडाच्या अर्जात नात्याविषयीचा एक लांबलचक फॉर्म असतो, क्रमांक ५५३२. दोघे पहिल्यांदा केव्हा भेटले, कोणी जुळवून दिले, दोन्हीकडच्यांना लग्न माहीत आहे का, समारंभ कुठे झाला, कोण कोण हजर होते, जेवणावळ झाली का, आणि लग्नानंतर जोडपे फिरायला कुठे गेले, असले प्रश्न. हे वाचून एका पोरीने आमच्यासमोर खाली मान घातली. लग्नानंतर ती सासूबरोबर सोयाबीनच्या सोंगणीला गेली होती आणि नवरा नागपूरला पासपोर्टच्या कामाला. "मंग काय लिहू जी?" आम्ही म्हटले, हेच लिही. तिथे महाबळेश्वर लिहिलेस तर मुलाखतीत महाबळेश्वरच्या हॉटेलचे नाव विचारतील.

आपल्याकडची लग्ने साधी असतात. हुंडा नको, मुहूर्त नको, होम नको, सात फेरे नकोत. त्रिशरण-पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, पुष्पहार, मंगल गाथा, आणि तासाभरात परिणय पूर्ण. पुष्कळदा एकाच मांडवात पाच-सात जोडप्यांचा सामुदायिक विवाह. हे आपण कमावलेले आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण तिकडच्या माणसाने भारतातले लग्न म्हणून जे पाहिलेले असते त्यात घोडा असतो, अग्नी असतो, मेंदी आणि कुंकू असते. आपल्या फोटोत यातले काही नसते. हॉलची पावती नसते, कारण मांडव अंगणात होता. सोनाराचे बिल नसते, कारण सोने नव्हते. साध्या लग्नाचा कागदी पुरावा कमी उरतो, आणि नाटकी लग्नाचा मात्र ढीग करता येतो, हा उलटा न्याय आहे खरा.

ही गोष्ट आजचीही नाही. मार्च १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांच्यासमोर असेच प्रकरण आले. बाई मरियम नावाची भारतीय स्त्री तिथे राहणाऱ्या नवऱ्याकडे निघाली होती. तिला उतरू दिले नाही. लग्न मुसलमानी पद्धतीने झाले होते. जी पद्धत अनेक बायका करू देते तिच्याने लागलेले लग्न इथला कायदा मानत नाही, असा निकाल झाला. त्या एका निकालाने हिंदू-मुसलमान सगळ्याच भारतीय बायका कायद्यापुढे बायका राहिल्या नाहीत. तिथल्या लढ्याचे नेते कोण होते ते सर्वांना माहीत आहे. आम्हाला आठवण राहते ती तुरुंगात गेलेल्या बायांची, आणि तुरुंगातला आजार घेऊन फेब्रुवारी १९१४ मध्ये वारलेल्या वल्लिअम्मा या सोळा वर्षांच्या तामिळ मुलीची. त्याच वर्षी कायदा होऊन एका पत्नीचा हक्क मान्य झाला. कॅनडातही १९०८ पासूनच्या नियमांनी आपल्या लोकांच्या बायकामुलांना रोखले होते. १९१९ ला वाट मोकळी झाली. नवऱ्याकडे जाण्याचा रस्ता बायकांना कोणी दान दिलेला नाही. कोणाच्या लग्नविधीला लग्न म्हणायचे हा वाद त्या रस्त्यात शंभर वर्षांपूर्वीही होता.

म्हणून आपला विधी कागदावर दिसला पाहिजे. त्यासाठी खर्च वाढवायचे काही कारण नाही. पत्रिका छापली असेल तर पाच प्रती कोऱ्या जपून ठेवा. बौद्धाचार्यांकडून किंवा संस्थेकडून विवाहाचे प्रमाणपत्र मिळते, तेही घ्या. सरकारी दाखल्याची जागा ते घेत नाही, पण विधी झाल्याचा तो चांगला पुरावा आहे. सामुदायिक विवाह असेल तर आयोजकांच्या यादीत आपल्या जोडप्याचे नाव असलेले पान आणि वर्तमानपत्रात बातमी आली असेल तर ते कात्रण. मांडववाल्याने, आचाऱ्याने, बँडवाल्याने पैसे घेतले तर साध्या चिठ्ठीवर का होईना तारीख घालून सही मागा. आहेराची वही तर आपल्याकडे असतेच. कोणी अकरा रुपये दिले, कोणी पातेले दिले, दोनशे माणसांची नावे गावासकट एका हाताने लिहिलेली. त्या वहीसारखा हजेरीचा पुरावा आम्ही दुसरा पाहिला नाही. आणि ती वही लग्नानंतर पोरांना गणिते करायला दिली जाते!

फोटो वीसच्या आत मागतात. तेव्हा नवरा-नवरीचे एकट्याचे वीस फोटो देऊ नका. वंदना चाललेली, बौद्धाचार्य प्रतिज्ञा देत असलेले, दोन्हीकडचे आईबाप, पंगत, मानपान, निरोप. प्रत्येक फोटोच्या मागे कोण, कुठे, केव्हा ते लिहा. विधीच्या फोटोंना जोडून एक परिच्छेद द्या : बौद्ध विवाहात अग्नी आणि फेरे नसतात, त्याऐवजी अमुक करतात. लग्नाआधीची पसंतीची बैठक, साखरपुडा, लग्नानंतर नवरा पुन्हा आला तेव्हाचे विमानाचे तिकीट, दीक्षाभूमीवर दोघे गेले असतील तर तो फोटो, हे सगळे हवे. मोबाईलवरच्या बोलण्याची निवडक पाने द्यायची असतात. तिथे गोड-गोड संदेश वेचून काढू नका. सासूचे औषध आणले का, गॅस संपला, पैसे पाठवले ते पोचले का, असली पाने खऱ्या संसाराची असतात, आणि वाचणाऱ्याला ते कळते. नवरा पैसे पाठवतो ते मुलीच्या खात्यावर पाठवत असेल तर बँकेचे पासबुक हाही पुरावाच. बापाच्या खात्यावर पाठवत असेल तर आता मुलीचे खाते उघडा. ते नुसत्या अर्जापुरते नाही.

नावांचे प्रकरण थोडक्यात सांगतो. लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचे असेल तर आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे बदला. ठेवायचे असेल तर सगळीकडे ठेवा. अर्धे इकडे अर्धे तिकडे ही खरी डोकेदुखी. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला सक्तीचा राहिलेला नाही, त्यामुळे पासपोर्ट माहेरच्या नावाने असला तरी बिघडत नाही. दाखल्याने दोन्ही नावे जोडली जातात. सासरी हौसेने पहिले नावच बदलण्याची प्रथा असेल तर ती हौस कागदावर आणू नका.

जन्मतारखांचे मात्र हसू येते. कुटुंबाच्या माहितीच्या फॉर्मात आई, बाप, भाऊ, बहिणी सगळ्यांच्या जन्मतारखा लिहायच्या असतात. आमच्या एका फाईलमध्ये बाप १ जून, आई १ जून, थोरला भाऊ १ जून. गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एकाच दिवशी जन्माला घातले! यात लपवण्यासारखे काही नाही. कागदावर जी तारीख आहे तीच लिहावी आणि जुन्या काळी शाळेत अशी तारीख टाकत असत, हे स्पष्टीकरणात सांगावे. एका फॉर्मात कागदाची आणि दुसऱ्यात आजीने सांगितलेली तारीख लिहिली की गडबड होते. जन्माची नोंदच नसेल तर उशिरा नोंदणीची कायदेशीर पद्धत आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर वर्षापेक्षा जुन्या नोंदीचा आदेश महसुली दंडाधिकारी देऊ शकतात. त्याला वेळ लागतो, तेव्हा लग्न ठरताच सुरुवात करावी.

बाकीचे सोपे आहे. मराठी कागदाचे इंग्रजी भाषांतर घरच्या माणसाने केलेले चालत नाही, मग तो इंग्रजीचा प्राध्यापक का असेना. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. आपला जिल्हा नागपूरच्या कार्यालयाकडे आहे. वैद्यकीय तपासणी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते, आणि ती सांगितल्यावर करायची असते. आखाताचे जरा वेगळे आहे. तिथे दाखल्यावर राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो, आणि संयुक्त अमिराती, कुवेत, कतार यांच्यासाठी वर त्यांच्या दूतावासाचाही, कारण हे देश एकाच शिक्क्यावर भागवणाऱ्या हेगच्या करारात नाहीत. इंग्लंडला बोलावणाऱ्याचे उत्पन्न पाहतात. ११ एप्रिल २०२४ ला त्यांनी नव्या अर्जांसाठी ती रेषा वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० वर नेली. अनेक कामकरी घरांची ताटातूट त्याने झाली. कॅनडात बायकोसाठी अशी उत्पन्नाची रेषा सर्वसाधारणपणे नाही.

एजंटाविषयी एकच सांगतो. कॅनडाच्या अर्जाला एजंट लागत नाही. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस तिथला वकील किंवा तिथल्या सल्लागारांच्या नियामक संस्थेचा परवानाधारक पाहिजे, आणि त्याचे नाव अर्जात लिहावे लागते. "माझे नाव लिहू नका" म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजून वाटेला लावावे. एक एकर विकून त्याला पैसे देणारे घर आम्हाला माहीत आहे. जे फॉर्म त्याने भरले त्यात मुलीच्या आईचे नावसुद्धा चुकले होते.

राहिला मुलीचा स्वतःचा प्रश्न. ती तिकडे पोचल्यावर कोण असते? याचे उत्तर देशागणिक बदलते आणि ते जाण्याआधी तिला कळले पाहिजे. कॅनडात काही वर्षे असा नियम होता की नव्या लग्नाच्या बायकोने दोन वर्षे नवऱ्याबरोबर राहिलेच पाहिजे, नाहीतर तिचा रहिवास जाई. मारहाण सोसून बायका दिवस मोजत. एप्रिल २०१७ मध्ये तो नियम काढला. आता ती पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हक्काने कायमची रहिवासी असते. अर्ज खरा असेल तर नंतर नवऱ्याचे घर सोडावे लागले म्हणून तिला देश सोडावा लागत नाही. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर पहिला रहिवास दोन वर्षांचा, अटीचा असतो. इंग्लंडचा पहिला व्हिसा तेहेतीस महिन्यांचा. या दोन्ही देशांत छळ होणाऱ्या बायकोला स्वतंत्रपणे अर्ज करण्याची तरतूद आहे, पण ती माहीत असेल तर उपयोगाची. आखातात तिचा रहिवास नवऱ्याच्या परवान्याला बांधलेला असतो.

म्हणून फाईलच्या दोन प्रती करा. एक जावयाकडे, एक मुलीकडे, आणि मुलीच्या प्रतीत नवऱ्याच्या रहिवास कार्डाची, कामाच्या पत्राची आणि घराच्या पत्त्याची प्रत असू द्या. जे फॉर्म तिच्या नावाने जातात ते तिने स्वतः वाचून, समजून सही करावेत. इंग्रजी येत नसेल तर ओळीओळीने मराठीतून विचारावे. अर्जाचा क्रमांक आणि त्याच्या ई-मेलचा परवलीचा शब्द तिलाही माहीत हवा. आणि निघताना पासपोर्ट तिच्या पिशवीत. सासऱ्याच्या नाही, भावाच्याही नाही.

रविवारी सकाळी आम्ही समाजमंदिरात बसतो. उन्हाळ्यात ज्यांच्या घरी परिणय आहे आणि जावई बाहेरचा आहे, त्यांनी मुलीचा आणि मुलाचा शाळेचा दाखला, जन्मदाखला, पासपोर्टची झेरॉक्स आणि पत्रिकेचा कच्चा मसुदा छापायला टाकण्याआधी घेऊन यावा. पत्रिकेवर नवरीचे नाव पासपोर्टप्रमाणे आहे की नाही, एवढे तरी पाहून देऊ. मूळ कागद घरीच ठेवा. येताना मुलीला सोबत आणा.